मासा विलायतेचा, हिशेब रिठदचा

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. शेतात सोयाबीन, तूर, हरभरा. समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक लांब. इथे मासा म्हटला की धरण-तलावातला रोहू, कटला, फार तर मरळ. आठवडी बाजारात भोई बांधव तो कापून देतात आणि घरी त्याचा रस्सा होतो. अशा गावाच्या वाचकांना आम्ही इंग्रजांच्या ‘फिश अँड चिप्स’ची गोष्ट कशासाठी सांगतो आहोत, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे.

त्याची कारणे दोन. पहिले असे की आपल्या समाजातली मुले आता आखातात, ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत नोकरी-धंद्यासाठी जातात. परक्या मुलुखात बाहेरचे जेवण घेताना खिसा सांभाळायचा आणि हलाल-हरामही पाहायचे, ही कसरत त्यांना रोज करावी लागते. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. मासा, बटाटा, पीठ आणि तेल या चार साध्या वस्तूंवर एका देशाने दीडशे वर्षांहून अधिक काळ हजारो कुटुंबांची पोटे भरली. तो धंदा कसा उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला मोल कसे मिळाले, हे समजून घेतले तर आपल्या चौकातल्या भजी-वड्याच्या गाड्यालाही त्यातून चार गोष्टी घेता येतील.

आधी एक घोटाळा दूर करू. आपण ‘चिप्स’ म्हणतो ते पातळ कुरकुरीत वेफर. इंग्रज ज्याला चिप्स म्हणतो ते म्हणजे बटाट्याचे बोटभर जाडीचे तळलेले तुकडे, आपल्याकडचे फिंगर चिप्स. वेफरला तो ‘क्रिस्प्स’ म्हणतो. नवा गेलेला मुलगा पहिल्या दिवशी इथेच फसतो.

परक्यांनी आणलेला पदार्थ

इंग्रजांचा म्हणून जगभर ओळखला जाणारा हा पदार्थ मुळात इंग्रजांचा एकट्याचा नाही. पिठात बुडवून तेलात तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या यहुद्यांनी लंडनला नेला. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३० च्या दशकातल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरीत तळलेल्या माशाच्या दुकानाचा उल्लेख आहे. पुढे त्याच्या जोडीला तळलेला बटाटा आला. ही जोडी पहिल्यांदा कोणी विकली यावर दोन दावे आहेत. एक लंडनच्या जोसेफ मॅलिन या यहुदी माणसाचा, साधारण १८६० चा. दुसरा उत्तर इंग्लंडमधल्या मॉसली गावच्या जॉन लीस यांचा, १८६३ चा. लीस यांचे दुकान म्हणजे बाजारातले एक लाकडी खोपटे होते.

हा धंदा फोफावला त्याला तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. वाफेवर चालणाऱ्या मासेमारी बोटी आल्या आणि मासा स्वस्त झाला. आगगाडीने हल आणि ग्रिम्सबी बंदरांचा मासा बर्फात घालून गिरणगावांपर्यंत एका रात्रीत पोहोचवला. आणि कापड गिरण्यांत नवरा-बायको दोघेही राबत असल्याने घरी चूल पेटवायला वेळ उरला नाही. गरम, पोटभर आणि मजुराला परवडणारे जेवण हवे होते, ते कोपऱ्यावरच्या दुकानाने दिले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अशी सुमारे ३५,००० दुकाने होती. आज ती दहा हजारांच्या आसपास उरली आहेत, तरीही हा आकडा लहान नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांस, लोणी, साखर रेशनवर गेले, पण मासा आणि बटाटा रेशनबाहेर ठेवले गेले.

दुकाने चालवणारे हात मात्र बदलत गेले. आधी यहुदी, मग स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये इटालियन, नंतर सायप्रसचे लोक, चिनी, तुर्की आणि आपल्या उपखंडातले. कारण उघड आहे. भांडवल कमी लागते, घरची माणसे हाताशी असतात आणि भाषा तोडकीमोडकी आली तरी चालते. पाटीवर पाच-सहाच वस्तू असतात आणि गिऱ्हाईक बोट दाखवून मागते. आपल्याकडेही परगावी गेलेला माणूस चहाची टपरी किंवा पंक्चरचे दुकान आधी टाकतो, त्यामागचे कारण हेच.

कोकणातून केप टाऊनला

मराठी मुलखाशी या गोष्टीचा धागा जोडायचा तर केप टाऊनला जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांतून कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेच्या या बंदरात गेले. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी लोकांना त्या देशाचे दार जवळजवळ बंद झाले, पण गेलेले तिथेच रुजले. त्यांच्या जुन्या पिढीच्या तोंडी कोकणी टिकून राहिली आणि केप टाऊन विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी तिचा अभ्यास केला. समुद्राशी कोकणी मुसलमानांचे नाते जुने आहे. इंग्रजी आगबोटींच्या डेकवर खलाशी म्हणून राबणाऱ्यांत रत्नागिरीकडची माणसे मोठ्या संख्येने होती.

केप टाऊनमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानाला ‘फिशरीज’ म्हणण्याची रीत आहे. तिथे कॉडऐवजी हेक आणि स्नूक हे तिथल्या समुद्रातले मासे मिळतात. चिप्सही वेगळे असतात, मऊसर आणि सिरक्यात भिजलेले. त्यांना ‘स्लॅप चिप्स’ म्हणतात. याच शहराच्या अॅथलोन भागातल्या ‘सुपर फिशरीज’ या दुकानाचे मालक रशाद पँडी यांची हकिगत व्यापाऱ्याने ऐकण्यासारखी आहे.

१९७६ चे साल. पँडी यांनी जमिनीचा एक तुकडा साफ करायला मजूर लावले होते आणि जेवण द्यायचे कबूल केले होते. संध्याकाळी दुकानात आले तर मासा संपलेला. उरले होते गोल पोर्तुगीज पाव, चिप्स, पोलोनी नावाचे मांसाचे काप आणि लोणचे. त्यांनी पाव चिरला, जे होते ते सगळे त्यात भरले आणि त्याचे तुकडे करून मजुरांना वाटले. त्या काळी ‘द ग्रेट गॅट्सबी’ हा चित्रपट लोकांच्या तोंडी होता. एक मजूर खाऊन खूश झाला आणि म्हणाला, हा तर ‘गॅट्सबी’ झाला! दुसऱ्या दिवशी पँडी यांनी तो पदार्थ विक्रीला ठेवला. पुढे गोल पावाची जागा लांब पावाने घेतली, कारण तो कापायला आणि वाटून घ्यायला सोयीचा. आज ‘गॅट्सबी’ ही केप टाऊनची ओळख आहे. एक पाव तीन-चार जणांनी वाटून खायचा, हीच त्याची रीत.

त्या दिवशी दुकानात मासा नव्हता, म्हणून दुकानदाराने हात वर केले नाहीत. मजुराला दिलेला शब्द पाळला आणि त्यातूनच नवा माल निघाला.

गोव्याच्या किनाऱ्यावर उलटी वाट

आता उलट बाजूने पाहू. इंग्रज आपल्याकडे येतो तेव्हा तो काय शोधतो? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून गोव्यात युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. कळंगुट, बागा, कांदोळी या किनाऱ्यांवर हिवाळ्यात महिना-महिना राहणारे पेन्शनर इंग्रज दिसू लागले. पहिले काही दिवस ते हौसेने शीत-कढी खातात. मग घरची आठवण येते आणि ‘फिश अँड चिप्स’ची पाटी शोधत फिरतात. शॅकवाल्यांनी ते ओळखले आणि पाटी लावली.

पण गोव्यात कॉड कुठला? मग इसवण, म्हणजे आपली सुरमई, किंवा अलीकडे गोठवलेला बासा वापरला जातो. किनाऱ्यावरच्या खुर्चीत बसून खाल्ले तर समुद्राच्या देखाव्याचे पैसे ताटात मोजले जातात. तोच मासा दोन गल्ल्या आत, जिथे गावचा माणूस जेवतो तिथे, कमी दरात मिळतो. जाणता इंग्रज चार दिवसांत हे शिकतो आणि आतल्या खानावळीत जाऊन, माझा मासा पिठात बुडवून तळून दे, मसाला लावू नको, असे सांगतो. त्याला त्याच्या गावची चव मिळते आणि खानावळवाल्याला रोजचे गिऱ्हाईक.

या धंद्याची नाजूक बाजूही बघावी. शॅकचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. शिवाय सगळा धंदा परक्यांच्या विमानावर अवलंबून. ब्रिटनची मोनार्क ही विमान कंपनी ऑक्टोबर २०१७ मध्ये बुडाली, थॉमस कुक सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली आणि २०२० मध्ये कोरोना आला. ज्यांनी फक्त इंग्रज गिऱ्हाइकावर दुकान मांडले होते त्यांची काय स्थिती झाली असेल, ते सांगायला नको. एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवू नये, हे आपल्या बाजारातला बांगडीवालाही जाणतो.

परदेशी गेलेल्याने काय बघावे

समजा, रिठदचा एखादा मुलगा ब्रिटनमध्ये नोकरीला लागला. २०१९ मध्ये तिथे फिश अँड चिप्सचे पुडके सरासरी साडेसहा पौंडांच्या आसपास मिळत होते. २०२४ पर्यंत ते दहा पौंडांच्या जवळ गेले. आपल्या पैशात हजार रुपयांच्या घरात! घरी पैसे पाठवायचे असतील तर त्याने प्रत्येक पुडक्याचे मोल जाणून घ्यावे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट तेलाची, किंवा चरबीची. मासा हलाल आहे, त्याला जबिहाची अट नाही, म्हणून आपला माणूस निर्धास्त असतो. पण उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, मासा आणि चिप्स गाईच्या चरबीत तळण्याची जुनी चाल आहे. तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात. जनावर जबिहाचे नसेल तर त्या चरबीतला मासा आपल्याला चालणार नाही. दक्षिणेकडे बहुतेक दुकानांत वनस्पती तेल असते. तेव्हा पैसे देण्याआधी, कशात तळता, एवढा एकच प्रश्न विचारावा. दुकानदाराला याचे वाईट वाटत नाही, कारण शाकाहारी गिऱ्हाईकही हेच विचारते. त्याच तेलात डुकराचे सॉसेज तळले जातात का, हेही विचारावे. काही ठिकाणी पिठात बिअर घालतात; पाटीवर ‘बिअर बॅटर’ लिहिलेले असेल तर पुढचे दुकान गाठावे. मुसलमान मालकांची, हलाल अशी पाटी लावलेली दुकाने आता अनेक शहरांत आहेत.

सिरक्याबद्दल एक गंमत. टेबलावरच्या बाटलीत जो तपकिरी सिरका असतो तो अनेक दुकानांत खरा माल्ट सिरका नसतोच. पाण्यात अॅसेटिक आम्ल आणि कॅरामलचा रंग मिसळून केलेला तो स्वस्त द्राव असतो.

दुसरी गोष्ट माशाच्या नावाची. कॉड की हॅडॉक, हे चांगल्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेले असते. दक्षिणेत कॉड, यॉर्कशायर आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉक लोकांच्या आवडीचा. पोलॉक त्याहून स्वस्त आणि खायला चांगला. आखातात हमूर हा नावाजलेला मासा, पण महाग. म्हणून पाटीवर नुसते ‘फिश’ लिहिले असेल तर कोणता, हे विचारावे. बासा हा गोड्या पाण्यातला, पाळलेला मासा. तो वाईट नाही, पण बासा खाऊन हमूरचे पैसे का द्यावेत?

तिसरी गोष्ट पिठाच्या थराची. जाड थराखाली पातळ मासा लपतो. पुडके उघडल्यावर एक टोक मोडून बघावे. आत मासा पांढरा, ओलसर आणि पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटणारा असेल, वरचा थर हलका आणि कुरकुरीत असेल, तर पैसे वसूल झाले.

चौथी गोष्ट गर्दीची. रांग असलेल्या दुकानात उभे राहावे. तिथे मासा तळून काचेच्या कपाटात तासभर पडत नाही आणि तेलही वेळेवर बदलले जाते.

पाचवी गोष्ट वाटणीची. एका मोठ्या पुडक्यातले चिप्स दोघांना पुरतात. मासे दोन, चिप्स एक, अशी मागणी केली तर दोघांचे जेवण कमी पैशांत होते. दुपारी किंवा लहान मापात स्वस्त ताट देणारी दुकानेही असतात. बसून खाण्यापेक्षा बांधून नेणे बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते. यॉर्कशायरमध्ये तेलात पडलेला पिठाचा चुरा ‘स्क्रॅप्स’ म्हणून मागितल्यास अनेकदा फुकट मिळतो. आपल्याकडे वड्याबरोबर चुरा मिळतो तसाच.

भाव का वाढले? सोयाबीनला विचारा

आता रिठदच्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल अशी गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. युक्रेन हा सूर्यफूल तेलाचा मोठा निर्यातदार. तेल अडकले आणि जगभर सगळीच खाद्यतेले भडकली. ब्रिटनच्या दुकानदाराचा कॉड-हॅडॉकही मोठ्या प्रमाणात उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून येतो, जिथे नॉर्वे आणि रशिया मासेमारी करतात. ब्रिटनने २०२२ मध्ये रशियाच्या पांढऱ्या माशावर ३५ टक्के जादा जकात लावली. त्यात विजेचे बिल वाढले आणि गरम खाद्यावरचा २० टक्के व्हॅट होताच. हा कर तिथे १९८४ पासून गरम बांधीव खाद्यावर लागतो. चारही बाजूंनी खर्च वाढला आणि अनेक जुनी दुकाने बंद झाली.

आपल्याकडे काय झाले ते आठवा. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीनला काही बाजार समित्यांत क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला होता. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्याला त्याहून कमी भावात माल विकावा लागला. म्हणजे रिठदच्या शेतातला दाणा आणि इंग्लंडच्या कढईतले तेल एकाच जागतिक बाजाराच्या दोरीला बांधलेले आहेत. तळणीचा धंदा करणाऱ्याने ही दोरी ओळखून तेलाच्या भावात चढ-उतारासाठी जागा ठेवूनच ताटाचा दर ठरवावा.

आपल्या चौकात जमेल का?

जमेल, पण नक्कल करून नाही. आधी माशाचा विचार करू. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात. रश्शात ते चालतात, पिठात तळलेल्या तुकड्यात गिऱ्हाइकाच्या घशात अडकतात. म्हणून बिनकाट्याच्या तुकड्यासाठी मरळ, तिलापिया किंवा पाळलेला पंगॅसियस, ज्याला बाजारात बासा म्हणतात, हे बरे. मरळ चवीला उत्तम, पण महाग.

बटाट्याचे शास्त्रही समजून घ्यावे. शीतगृहातल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळल्यावर तो लवकर काळपट पडतो. तळणीसाठी पिठूळ, कमी पाण्याचा बटाटा लागतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या कुफरी चिप्सोना या जाती १९९८ मध्ये याच कामासाठी बाहेर आल्या. फोडी पाण्यात धुऊन वरचा स्टार्च काढावा, कोरड्या कराव्यात, आधी मंद तेलात, साधारण १५० अंशांवर, शिजवून घ्याव्यात आणि गिऱ्हाईक आल्यावर १८० अंशांच्या आसपास पुन्हा सोडाव्यात. दोनदा तळल्याने बाहेर कुरकुरीत, आत मऊ होतात, आणि गर्दीच्या वेळी काम पटकन उरकते.

तेल ही धंद्याची नाडी आहे. सोयाबीन तेल आपल्या भागात सहज मिळते, पण सतत उकळत्या कढईत ते पामोलिनपेक्षा लवकर खराब होते. ते रोज गाळावे, चुरा काढावा आणि वेळेवर बदलावे. तेलातील ‘टोटल पोलर कंपाऊंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात लागू आहे. जुन्या काळी इंग्रज वर्तमानपत्रात मासा बांधत, आपणही भजी बांधतो. शाई अन्नात उतरते म्हणून तिथे ती चाल मोडली, आणि आपल्याकडेही २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्य बांधायला मनाई केली. साधा कोरा कागद वापरावा.

कारागीर बांधवांसाठी यात एक काम आहे. आपल्या कढईला आच खालून लागते. पिठाचा चुरा तळाशी जातो, जळतो आणि सारे तेल कडू करतो. चांगल्या तळण-यंत्रात आच बाजूने किंवा तळापासून थोडी वर दिलेली असते, म्हणजे तळाचे तेल थंड राहते आणि चुरा तिथे न जळता बसतो. खाली तोटी असते, तिथून तो काढता येतो. हे काही विलायती गुपित नाही. पत्रा आणि वेल्डिंग जाणणारा वाशीम-रिसोडचा कोणताही हुशार कारागीर असे भांडे बनवू शकतो. वडेवाले, भजीवाले, चिवडेवाले सगळेच त्याचे गिऱ्हाईक होऊ शकतात.

ताटाचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या बाजाराचे दर घालून पुन्हा मांडावेत.

समजा, अख्खा मासा १६० रुपये किलो मिळाला. डोके, काटे, कातडी जाऊन बिनकाट्याचे मांस ४० टक्के निघाले, तर ते ४०० रुपये किलो पडले. इथेच नवा माणूस चुकतो. तो १६० चा हिशेब धरून दर लावतो आणि महिनाभरात गाडा बंद करतो.

मोठ्या ताटात १२० ग्रॅम मासा दिला तर ४८ रुपये. पाव किलो बटाटा २४ रुपये किलोने ६ रुपये. पीठ-मसाला ४, तेल ७, गॅस, कागद आणि चटणी मिळून ७. झाले ७२. त्यात मजुरी आणि जागेचे १८ धरा, म्हणजे ९० रुपये. विकायचे ११० ला. खेड्याच्या चौकात ११० रुपयांचे ताट रोज कोण घेणार?

म्हणून अर्धे ताट. ६० ग्रॅम मासा २४ रुपये, दीडशे ग्रॅम बटाटा ३.६०, पीठ ३, तेल ५, गॅस-कागद-चटणी ५. एकूण ४०.६०. मजुरी-जागा १० धरली की ५०.६०. साठ रुपयांना विकले तर ताटामागे ९.४० उरतात. बाजाराच्या दिवशी पन्नास ताटे गेली तर ४७० रुपये, आणि मजुरी त्याआधीच निघालेली. वीसच ताटे गेली तर १८८. जागेचे भाडे मात्र ताटावर ठरत नाही, ते तेवढेच राहते. म्हणून सुरुवात फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी, आहे त्या भजीच्या गाड्यावरच करावी. मासा आणि भजी यांचे तेल मात्र वेगळे ठेवावे. शाकाहारी गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

‘घरचीच माणसे राबतात, मजुरी कशाला धरायची?’ असे अनेक जण म्हणतात. धरायचीच. बायकोने पहाटे उठून मासा साफ केला, मुलाने शाळेतून येऊन बटाटे सोलले, त्या घामाची किंमत ताटात धरली नाही तर आपण नफा समजतो तो खरे तर त्यांचीच मजुरी असते. ब्रिटनमधली कितीतरी दुकाने घरच्या हातांवर चालली. मुले शिकून दुसऱ्या कामाला गेली, पगारी माणूस ठेवायची वेळ आली, आणि मग कळले की ताटाचा दर कधी बरोबर नव्हताच.

यात आपल्या बाजाराची सगळी साखळी येते. बटाटा बागवानाकडून, मासा भोई बांधवांकडून, तेल किराणावाल्याकडून, भांडे लोहार-वेल्डरकडून. मासेवाल्याशी रोख व्यवहार ठेवावा. उधारीवर मासा आणणाऱ्याच्या वाट्याला शिळा माल येतो. आणि माप कधी मारू नये. ६० ग्रॅम सांगितला तर ६० ग्रॅमच द्यावा. पिठाचा थर जाड करून मासा कमी देणारा दुकानदार केप टाऊनला असो, कळंगुटला असो की रिठदला, गिऱ्हाईक पहिला घास मोडताच त्याला ओळखते.

ज्या बांधवांनी असा गाडा सुरू केला असेल किंवा बाजूच्या आचेचे तळणीचे भांडे बनवले असेल, त्यांनी आपल्या आठवड्याचा जमाखर्च, खरे आकडे घालून, आमच्याकडे जरूर पाठवावा. किती मासा आणला, किती वाया गेला, किती ताटे गेली, एवढे चार ओळींत लिहिले तरी पुरे. इन्शाअल्लाह, पुढच्या वेळी समजुतीचे आकडे मांडायची वेळ येणार नाही, आपल्याच बाजाराचे मांडता येतील.